जीवोत्पत्तीचे कोडे आणि प्रा. हॉल्डेन

१९५७ सालच्या नोव्हेंबर महिन्याची सात तारीख. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते. कलकत्त्यात संध्याकाळी उगवलेल्या पूर्णचंद्राला तासाभरातच ग्रहण लागू लागले आणि रात्री आठच्या सुमारास ते पूर्ण झाले. रशियन राज्यक्रांतीला त्याच दिवशी चाळीस वर्षे पूर्ण होत होती. रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह अंतराळात सोडला त्याला जेमतेम महिना झाला होता आणि दुसरा उपग्रह, लायका नावाच्या कुत्रीला घेऊन, चारच दिवसांपूर्वी वर गेला होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहणाऱ्या एका इंग्रज प्राध्यापकाकडे त्या सुमारास जोशुआ लेडरबर्ग हे बत्तीस वर्षांचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले होते. जेवताना बोलणे ग्रहणावरून उपग्रहाकडे आणि उपग्रहावरून राजकारणाकडे वळले. क्रांतीचा वाढदिवस साजरा करण्यासाठी रशियनांनी चंद्रावर अणुबाँब फोडून साऱ्या जगाला दिसेल असा लखलखाट केला तर काय होईल, अशी कल्पना त्या बैठकीत निघाली. यजमान स्वतः एकेकाळचे कट्टर साम्यवादी. तरीही केवळ एका देशाच्या दिमाखासाठी चंद्राच्या अस्पर्श पृष्ठभागाचा नाश व्हावा, ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या पाहुण्याला सारखीच भयंकर वाटली.

कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५८ मध्ये नेमक्या अशाच स्फोटाचा गुप्त अभ्यास करविला होता, हे पुढे कित्येक वर्षांनी उघडकीस आले. लेडरबर्ग मायदेशी परतले ते ही काळजी मनात घेऊनच. पृथ्वीवरून जाणारी याने आपल्याबरोबर जंतू नेतील आणि परग्रहावर जीव आहे की नाही या प्रश्नाचे उत्तर कायमचे नासवून टाकतील, असा इशारा त्यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीला दिला. १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या शब्दाला वजन आले. याने निर्जंतुक करून पाठविण्याचे नियम पुढे झाले आणि परग्रहांवरील जीवसृष्टीच्या अभ्यासाला लेडरबर्ग यांनी १९६० मध्ये स्वतंत्र नावही दिले. १९७६ साली मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने निघण्यापूर्वी भट्टीत तापविली होती, त्या दक्षतेच्या मुळाशी कलकत्त्यातील ते एक जेवण आहे.

त्या यजमानांचे नाव जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन. जग त्यांना जे. बी. एस. या आद्याक्षरांनीच ओळखते. पृथ्वीवर जीव कसा निर्माण झाला असावा, याचे आधुनिक रसायनशास्त्राला पटेल असे चित्र रेखाटणाऱ्या पहिल्या दोघांपैकी ते एक.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घराणे स्कॉटलंडमधील, जुने आणि मातब्बर. चुलते रिचर्ड हॉल्डेन ब्रिटनचे युद्धमंत्री व पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाले. धाकटी बहीण नेओमी हिने लेखिका म्हणून नाव मिळविले. परंतु या मुलाला घडविले ते वडिलांनी. जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक. कोळशाच्या खाणीत माणसे कोणत्या वायूने आणि कशी मरतात, हे शोधण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत, विषारी हवा स्वतः हुंगत आणि पुष्कळदा मुलालाही बरोबर नेत. घरात या मुलाला जॅक म्हणत.

स्टॅफर्डशायरमधील एका खाणीतील प्रसंग प्रसिद्ध आहे. बोगद्याच्या छताशी मिथेन वायू साचला होता. वडिलांनी जॅकला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळी होतात न होतात तोच पोराला धाप लागली, पाय लटके पडले आणि तो जमिनीवर कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने लगेच सावधही झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा त्याला पुस्तकाशिवाय मिळाला. आजच्या पालकांना हे वाचून शहारे येतील आणि ते योग्यच आहे. पण निसर्गाला विचारावयाचा प्रश्न प्रथम स्वतःच्या शरीराला विचारावा, ही हॉल्डेन यांची आयुष्यभराची रीत येथे जन्मली, एवढे मात्र खरे.

ईटन येथील शाळेत मोठ्या मुलांनी त्याला पुष्कळ छळले आणि अधिकाराविषयीची चीड तेथूनच मनात बसली. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी आधी गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्‌मय व तत्त्वज्ञान घेतले. १९१४ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. जीवशास्त्रात जगन्मान्य झालेल्या या माणसाजवळ विज्ञानाची पदवी कधीच नव्हती.

इतक्यात महायुद्ध पेटले. ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीत ते अधिकारी झाले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायूचा मारा सुरू केला तेव्हा सरकारने वडिलांना फ्रान्सला धाडले आणि वडिलांनी खंदकातून मुलाला बोलावून घेतले. काचेच्या खोलीत वायू सोडून, मुखवट्यासह आणि मुखवट्याविना, कोण किती वेळ तग धरतो याचे प्रयोग बापलेकांनी स्वतःवर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तोफगोळ्याने जॅक जखमी झाला. पुढे मेसोपोटेमियाच्या आघाडीवर पुन्हा जखम झाली आणि विश्रांतीसाठी त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. या देशाशी त्यांची पहिली ओळख अशी लष्करी पोशाखात झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळापलीकडचा हिंदुस्थान आपल्याला पाहता आला नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात राहून गेली.

युद्धानंतर काही वर्षे ऑक्सफर्ड आणि १९२३ पासून केंब्रिज. तेथे हॉपकिन्स यांच्या हाताखाली ते जीवरसायनशास्त्र शिकवीत. शरीरातील एंझाइमांची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची, गती मोजण्याचे त्यांचे व ब्रिग्ज यांचे १९२५ मधील सूत्र आजही विद्यार्थी शिकतात. रक्तातील आम्लता वाढल्यास काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी अमोनियम क्लोराइडचे द्रावण पोटात घेतले आणि कित्येक दिवस धापा टाकीत काढले. त्या माहितीचा उपयोग आकडी येणाऱ्या तान्ह्या मुलांच्या उपचारात झाला. शार्लोट या विवाहित पत्रकार स्त्रीशी त्यांचा स्नेह जुळला, तिच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्यांचे नाव आले आणि विद्यापीठाने १९२५ साली त्यांना पदावरून दूर केले. ते अपील करून जिंकले आणि परत आले. १९२६ मध्ये दोघांचा विवाह झाला.

त्यांचे सर्वांत मोठे शास्त्रीय कार्य याच काळातले. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांचे तेव्हा जमत नाही असे पुष्कळांना वाटे. हॉल्डेन यांनी १९२४ पासून दहा वर्षे लेखांमागून लेख लिहून ही दोन्ही एकाच गणितात बसविली. फिशर आणि राइट या दोघांबरोबर त्यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. त्या गणिताचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. मात्र जीवसृष्टीतील बदल मोजता येतो हे एकदा दाखविल्यावर, जीवसृष्टीचा आरंभ तरी विचाराबाहेर का ठेवावा, हा प्रश्न त्यांच्यासारख्या माणसाला पडणे अपरिहार्य होते.

हा प्रश्न त्या वेळी शास्त्रज्ञांनी जवळजवळ सोडून दिलेला होता. त्याला कारण पाश्चर. नासक्या रसातून जंतू आपोआप उपजतात, हा समज पाश्चरने १८६०च्या दशकातील प्रयोगांनी खोडून काढला आणि सजीवापासूनच सजीव होतो हे सिद्ध केले. मग पहिला सजीव कोठून आला? काहींनी ते ईश्वरावर सोपविले. स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी जीवाची बीजे अंतराळातून आली असे सुचविले. पण त्यामुळे प्रश्न सुटत नव्हता, फक्त दुसऱ्या गावी जात होता.

हॉल्डेन यांनी १९२९ साली लंडनच्या रॅशनॅलिस्ट ॲन्युअल या वार्षिकात जीवोत्पत्तीवर एक छोटा लेख लिहिला. हे वार्षिक बुद्धिवादी मंडळींचे, सामान्य वाचकांसाठी निघणारे. शास्त्रज्ञांच्या नियतकालिकात हा लेख छापला गेला नाही, त्यात एकही समीकरण नव्हते आणि नवा प्रयोगही नव्हता. आपल्याकडील एखाद्या चांगल्या दिवाळी अंकात शोभावा असा तो लेख होता.

त्यातील विचार असा. आज हवेत जो प्राणवायू आहे तो वनस्पतींनी निर्माण केलेला. वनस्पती नव्हत्या तेव्हा तो नव्हता, किंवा नाममात्र होता. प्राणवायू नाही म्हणजे वर ओझोनचे छत्रही नाही. म्हणजे सूर्याचे जंबुपार किरण थेट समुद्रापर्यंत पोहोचत असले पाहिजेत. हवेत कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया, खाली पाणी आणि वरून हे प्रखर किरण. अशा मिश्रणावर जंबुपार किरण टाकले असता शर्करेसारखे सेंद्रिय पदार्थ बनतात, असे लिव्हरपूलच्या बॅली यांचे प्रयोग त्या वेळी सांगत होते. (बॅली यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण विचाराची दिशा त्यामुळे चुकली नाही.) आज असे पदार्थ उघड्यावर तयार झाले तर जंतू ते खाऊन टाकतील, प्राणवायू त्यांना जाळून टाकील. पण तेव्हा खाणारे कोणीच नव्हते! मग ते साचत गेले, हजारो-लाखो वर्षे साचत गेले आणि आदिम समुद्राचे कढत, पातळ कढण झाले.

या कढणात मोठमोठे रेणू जुळत गेले. त्यांतील काही रेणू आपल्यासारखे दुसरे घडवू लागले. त्यांना पुरते सजीव म्हणता येणार नाही आणि निर्जीवही म्हणवणार नाही. येथे हॉल्डेन यांनी एका नव्या शोधाचा फार मार्मिक उपयोग केला. जंतूंना मारणारे विषाणू काहीच वर्षांपूर्वी डेरेल यांनी शोधले होते. हे विषाणू जंतूच्या पेशीत शिरले की वाढतात आणि बाहेर असले की नुसते पदार्थ म्हणून पडून राहतात. सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये आपण समजतो तशी खोल दरी नसून मध्ये पायरी आहे, असे त्यांना त्यावरून दिसले. जीवन कित्येक कोटी वर्षे या पायरीवरच थांबले असावे आणि मग केव्हातरी हे घटक एका पातळ पापुद्र्यात एकत्र येऊन पहिली पेशी झाली असावी, असा त्यांचा तर्क होता. पहिल्या जीवांना प्राणवायू मिळत नसल्याने ते आंबविण्याच्या क्रियेवर जगत असले पाहिजेत आणि आपल्या पेशींमध्ये ती जुनी क्रिया अजूनही शिल्लक आहे, हेही त्यांनी दाखविले.

आणि शेवटी, प्रयोगशाळेत जीव घडविला जाईपर्यंत हे सारे अनुमानच समजावे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. हा लेख मोठा वाटतो तो यामुळे अधिक.

त्या वेळी लेखाची फारशी दखल कोणी घेतली नाही. हॉल्डेन यांना ठाऊक नव्हते की मॉस्कोत अलेक्सांद्र ओपारिन या तरुण जीवरसायनशास्त्रज्ञाने १९२४ सालीच याच विषयावर एक छोटी पुस्तिका रशियन भाषेत प्रसिद्ध केली होती. दोघांच्या मांडणीत फरक आहे. ओपारिन यांनी पुढे मिथेन व हायड्रोजन असलेल्या हवेवर आणि चिकट थेंबांच्या रूपातील आद्य पेशींवर भर दिला; हॉल्डेन यांचा भर कार्बन डायऑक्साइडवर आणि स्वतःची प्रत करणाऱ्या रेणूवर. पण गाभा एकच. ओपारिन यांचा विस्तृत ग्रंथ १९३६ मध्ये निघाला व १९३८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा जगाला दोन्ही नावे एकत्र घेता आली.

कसोटी लागली ती १९५३ मध्ये, शिकागोत. हॅरल्ड युरी यांचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ भरली, विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि आठवड्याभराने पाहतो तो पाणी लालसर झालेले. त्यात प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले होती. खाणीत ज्या मिथेनने लहानग्या जॅकला जमिनीवर पाडले होते, तोच या चंबूत जीवाचे साहित्य घडविताना दिसला, हा योगायोग वाचकाला गंमतीचा वाटेल.

हॉल्डेन यांच्या जीवनाची दुसरी बाजू येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती झाकली तर चरित्र खोटे होईल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३३ पासून ते प्राध्यापक होते. स्पेनमधील यादवी युद्धाने ते डावीकडे झुकले, १९४२ मध्ये उघडपणे साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. पक्षाच्या डेली वर्कर या दैनिकात कामगारांसाठी त्यांनी तीनशेहून अधिक विज्ञानविषयक लेख लिहिले; त्यांतील सोपेपणा आजही हेवा वाटावा असा आहे. थेटिस ही पाणबुडी १९३९ मध्ये बुडून नव्व्याण्णव माणसे गेली, तेव्हा कामगार संघटनांच्या विनंतीवरून ते व त्यांचे सोबती पोलादी पेटीत शिरून कोंडलेल्या हवेत तासन्‌तास बसले. त्यानंतरच्या दाबाच्या प्रयोगांत त्यांच्या पाठीचा मणका दुखावला आणि ते दुखणे मरेपर्यंत राहिले.

परंतु सोव्हिएत रशियात लायसेंको याने स्टालिनच्या आश्रयाने आनुवंशिकीचे शास्त्रच गुन्हा ठरविले, तेव्हा हा निर्भय माणूस अडखळला. निकोलाय व्हाविलॉव्ह हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ हॉल्डेन यांचे स्नेही. त्यांच्याच निमंत्रणावरून १९२८ साली हॉल्डेन दांपत्य रशियाला गेले होते. ते व्हाविलॉव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. शार्लोट १९४१ मध्ये वार्ताहर म्हणून रशियाला जाऊन आल्या आणि जे पाहिले त्याने पक्षापासून दूर झाल्या. हॉल्डेन मात्र पक्षातच राहिले. १९४८ मध्ये लायसेंकोचा विजय जाहीर झाल्यावरही त्यांनी गुळमुळीत भाषा वापरली. पुरावा पाहावा लागेल, काही अंशी तथ्य असेल, असे ते बोलत राहिले. स्वतःचे संशोधन ज्या शास्त्रावर उभे त्याच शास्त्राच्या अभ्यासकांना जेथे नोकरीतून काढले जात होते आणि कित्येकांना तुरुंगात टाकले जात होते, तेथील सत्तेविरुद्ध त्यांनी आवाज उठविला नाही. १९५०च्या सुमारास ते पक्षापासून मुकाट्याने दूर झाले. विषारी वायू स्वतःच्या फुप्फुसात घेऊन पारखणाऱ्या माणसाने आपली निष्ठा मात्र पारखून घेतली नाही. त्यांचे चाहतेही याचे समर्थन करीत नाहीत आणि करूही नये.

१९५७ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडले. सुएझवरील हल्ल्याचा निषेध हे त्यांनी दिलेले कारण. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे निमंत्रण हे दुसरे. १९४५ मध्ये विवाहबद्ध झालेल्या दुसऱ्या पत्नी हेलन स्परवे याही प्राणिशास्त्रज्ञ. कलकत्त्यात आल्यावर हा धिप्पाड, टकला, भरघोस मिशांचा माणूस धोतर-कुडत्यात वावरू लागला. मांसाहार सोडला. साठ वर्षे मोजे घातले तेवढे पुरे झाले, असे ते मिस्कीलपणे सांगत. १९६१ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

येथील तरुणांना त्यांनी सांगितले ते असे, की महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडू नका. डोळे आहेत, मोजता येते, एवढ्यावर विज्ञान होते. हे त्यांनी करूनही दाखविले. कृष्ण द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या वेगवेगळ्या रंगांच्या फुलांवर कोणती फुलपाखरे किती वेळा बसतात ते मोजले. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झावळ्या डावीकडून वळतात की उजवीकडून, याच्या नोंदी केल्या. सुरेश जयकर यांनी हेलन यांच्याबरोबर माळटिटवीच्या घरट्यावर पहारा केला. त्यावरील लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. संस्थेतील वातावरण मानवेना तेव्हा हॉल्डेन १९६१ मध्ये तेथून बाहेर पडले आणि १९६२ मध्ये ओरिसा सरकारच्या निमंत्रणावरून भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा काढली.

जीवोत्पत्तीचा विषय त्यांनी सोडलेला नव्हता. १९५४ मधील एका लेखात त्यांनी जीवाच्या आरंभाविषयी संभवनीय असलेली सर्व मते ओळीने मांडून तपासली. पाण्याऐवजी द्रवरूप अमोनियात चालणारे जीवन अतिथंड ग्रहांवर असू शकेल, अशी कल्पनाही त्यांनी मांडली. जीव म्हणजे पृथ्वीवर दिसतो तसाच असला पाहिजे, हे त्यांनी कधी गृहीत धरले नाही. त्यापूर्वी, १९२७ मध्येच, पृथ्वी नष्ट झाल्यावर शुक्रावर जाऊन राहणाऱ्या मानवजातीची कथा त्यांनी लिहिली होती.

ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वाकुला स्प्रिंग्ज येथे जीवोत्पत्तीवर परिषद भरली. सत्तरीला टेकलेले ओपारिन तेथे आले होते आणि हॉल्डेनही. एकाच विचाराची ही दोन माणसे आयुष्यात प्रथमच समोरासमोर येत होती. शास्त्राच्या इतिहासात पहिला कोण यावरून झालेली भांडणे वाचकांना ठाऊक असतील. काही तर न्यायालयापर्यंत गेली. येथे तसे काही घडले नाही. हॉल्डेन यांनी भर सभेत सांगून टाकले की अग्रक्रम ओपारिन यांचाच आहे, आपला लेख पाच वर्षांनंतरचा आहे आणि चौर्याचा संशय घ्यावयाचाच झाला तर तो आपल्यावरच घ्यावा लागेल. लायसेंकोच्या काळात ओपारिन हेही सत्तेच्या बाजूने उभे राहिले होते, ही गोष्ट दोघांनाही माहीत होती. त्या दोघांत याविषयी काही बोलणे झाले असेल तर त्याची नोंद नाही.

त्याच परिषदेत हॉल्डेन यांनी पहिल्या जीवाचा आराखडा करण्यासाठी कोणती माहिती हवी, यावर निबंध वाचला. आद्य जीव म्हणजे आरएनएचा एकच जनुक असू शकेल, तो एकच एंझाइम घडवीत असेल, असे त्यांनी सुचविले. आरएनए स्वतःच एंझाइमाचे काम करू शकतो, हे चेक आणि ऑल्टमन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी दाखविले आणि त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज या विषयातील पुष्कळ संशोधन आरएनएच्याच वाटेने चालले आहे.

कढणाच्या कल्पनेवर आक्षेप थोडे नाहीत. इतक्या पातळ समुद्रात रेणू एकमेकांना गाठतील कसे, असा एक. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी गरम पाण्याची मुखे सापडली, तेव्हापासून जीव तेथेच उपजला असे मानणारे अनेक आहेत. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी जीव अंतराळातून आला हे जुने मत नव्याने मांडले. त्याचीच तपासणी करण्यासाठी डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ साली मोठे फुगे सोडण्यात आले आणि एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणण्यात आले. त्यांत जिवंत जंतू मिळाले, तीन जाती तर नव्याच ठरल्या. एकीला हॉइल यांचे नाव दिले. ते वरून आले की खालून गेले, याचा निर्णय मात्र झाला नाही. अमेरिकन यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरील माती आणली. तिच्यात प्रथिनांच्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि आनुवंशिक रेणूंचे पाचही नायट्रोजनयुक्त घटक मिळाले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कढणाचा मसाला आकाशातही तयार होतो, एवढे यातून कळते. तो शिजून जीव कसा झाला, हे हॉल्डेन यांच्या लेखाला नव्वदहून अधिक वर्षे लोटल्यावरही कोणी करून दाखविलेले नाही.

फ्लॉरिडातच हॉल्डेन यांना रक्तस्राव सुरू झाला. लंडनला तपासणी झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि १९६४च्या आरंभी शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहिली आणि न्यू स्टेट्समन साप्ताहिकात छापविली. लोकांनी लाज न बाळगता वेळेवर डॉक्टरांकडे जावे, हा तिचा हेतू. काही वाचकांना ती अभिरुचीला सोडून वाटली. बीबीसीसाठी त्यांनी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवला.

ते भुवनेश्वरला परतले आणि कामाला लागले. काही महिन्यांतच रोग उलटला. अखेरपर्यंत विद्यार्थ्यांचे लेख तपासणे चालू होते. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते की जिवंतपणी हे शरीर संशोधनाच्या कामी आले आहे, मेल्यावरही ते अभ्यासासाठीच वापरावे. त्याप्रमाणे त्यांचा देह आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आला आणि तेथील विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करण्यात आला.